आपले धान, परकी यादी

ऑगस्ट २००५ मध्ये धानाच्या जीनोमचा पूर्ण नकाशा ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. दहा देशांच्या प्रयोगशाळांनी मिळून केलेले हे काम. बारा गुणसूत्रांपैकी अकराव्याचा एक भाग आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेत वाचला गेला. एकूण सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरे आणि ३७,५४४ संभाव्य जनुके असा हिशोब निघाला. ज्या झाडाचा हा नकाशा होता ते जपानचे ‘निप्पोनबारे’ नावाचे वाण. ठेंगण्या, जाड दाण्याचे आणि शिजल्यावर चिकट होणारे. पूर्व विदर्भातल्या देवरी तालुक्याच्या बांध्यांत जे धान रोवले जाते त्याचा हा दूरचा भाऊबंद. दोघांची शाखाच वेगळी. आपले बहुतेक धान इंडिका, ते जॅपोनिका.

हे पुस्तक त्या नकाशाच्या पुढच्या पायरीविषयी आहे. धानाच्या मुळात, पानात, दाण्यात प्रत्यक्ष कोणती प्रथिने तयार होतात याची यादी कशी करतात, ती करणारे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र काय मोजते, आणि यादी हाती आल्यावर तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे त्यात आहे. त्याचे पहिले वाचक देवरी, आमगाव, सालेकसा, साकोली या पट्ट्यातली, घरी धान पिकवणारी आणि कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी मुले असतील असे धरून मी ही प्रस्तावना लिहितो आहे. त्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. प्रथिनांची कोणतीही यादी वाचताना ती कोणत्या वाणाच्या आधाराने तपासली हे आधी विचारावे. पुढचे सगळे त्या एका प्रश्नाच्या पोटात येते.

आधी धानच का, ते पाहू. जीवशास्त्रज्ञ काही निवडक जीवांवर पिढ्यान्‌पिढ्या काम करतात आणि त्यावरून इतरांविषयी अंदाज बांधतात. यीस्ट, फळमाशी, उंदीर, झेब्राफिश, आणि वनस्पतींत अरॅबिडॉप्सिस नावाचे मोहरीच्या कुळातले एक तण. या नमुनाजीवांच्या पंगतीत धान बसले ते त्याच्या आटोपशीर जीनोममुळे. गव्हाचा जीनोम सोळाशे कोटी अक्षरांच्या घरात जातो. धानाचा त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका. तृणधान्यांच्या कुळाचा अभ्यास करायचा तर सगळ्यात आखूड पोथी धानाची. यीस्टचे निष्कर्ष चुकले तर बहुधा एखादा शोधनिबंध मागे घ्यावा लागतो. धानाचे चुकले तर कोणीतरी चुकीचे बियाणे पेरतो. म्हणून या नमुनाजीवाची यादी अधिक काटेकोरपणे वाचायला हवी.

जनुकांची यादी हाती असताना प्रथिनांची वेगळी यादी कशाला, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. जूनमध्ये टाकलेले पऱ्हे, रोवणीनंतर मूळ धरलेले झाड, निसवलेली लोंबी आणि कापणीला आलेला दाणा या सगळ्यांत जीनोम तोच असतो. बदलते ते प्रथिनांचे माप. पऱ्ह्याच्या पानात सूर्यप्रकाशावर जगण्याची यंत्रणा भरलेली असते. भरत्या दाण्यात ती जवळपास नसते, तिथे साठवणीची प्रथिने रचली जात असतात. बांधीत पाणी असताना मुळात जे सापडते ते बांधी कोरडी पडल्यावर सापडत नाही. दुपारचे पान आणि मध्यरात्रीचे पान यांतही फरक असतो. जनुक काय होऊ शकते ते सांगते. प्रथिन त्या घडीला काय होत आहे ते. शिवाय ती ३७,५४४ जनुके संगणकाने अक्षरांची रचना पाहून काढलेला अंदाज आहेत. जपानमधला गट आणि अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचा गट यांनी एकाच निप्पोनबारेवरून दोन याद्या केल्या आणि त्या हजारो ठिकाणी जुळत नाहीत. अशा वेळी एखाद्या जनुकाचे प्रथिन प्रत्यक्ष यंत्रात सापडले तर वाद मिटतो. म्हणजे प्रथिनांची यादी ही जनुकांच्या यादीची तपासणीही असते.

आता यंत्र. विज्ञानावरच्या मराठी लेखनात यंत्राला जादूची पेटी करून टाकायची आपल्याला खोड आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

पान तोडले की त्यातली प्रथिने तोडणारी विकरे कामाला लागतात. म्हणून नमुना तिथल्या तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि गोठलेलाच खलात कुटतात. वनस्पतीच्या पेशीत प्रथिनांखेरीज पिष्ट, रंगद्रव्ये, फेनॉल अशी बरीच अडचण असते. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आणि थंडगार अॅसिटोन वापरून प्रथिनांचा साका वेगळा करतात. मग त्यात ट्रिप्सिन घालतात. हे आपल्याही स्वादुपिंडातून निघणाऱ्या पाचक विकराचे शुद्ध रूप. त्याचा गुण असा की ते प्रथिनाची साखळी कुठेही तोडत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच तोडते. त्यामुळे प्रत्येक प्रथिनाचे ठरावीक तुकडे पडतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. हजारो प्रथिनांचे लाखो पेप्टाइड एका केसासारख्या बारीक नळीतून तास-दोन तास हळूहळू बाहेर सोडले जातात, म्हणजे सगळे एकदम यंत्राच्या तोंडाशी गर्दी करत नाहीत.

नळीच्या टोकाला मोठा विद्युतदाब असतो. द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब उडतात, द्रव वाळतो आणि विद्युतभारित पेप्टाइड हवेत मोकळे होतात. प्रथिनासारखा मोठा आणि नाजूक रेणू न मोडता हवेत उडवता येईल असे फार काळ कोणाला वाटले नव्हते. वस्तुमान मोजण्याची कल्पना जुनी. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अॅस्टनने १९१९ मध्येच मूलद्रव्यांची समस्थानिके अशा यंत्राने वेगळी केली होती. पण प्रथिनांना हे दार उघडले ते १९८० च्या दशकात, आणि त्याबद्दल जॉन फेन व कोइची तानाका यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आजच्या यंत्रांतले सगळ्यात प्रचलित ऑर्बिट्रॅप हे अलेक्झांडर माकारोव्ह यांच्या कल्पनेतून आलेले आणि २००५ मध्ये बाजारात आलेले. त्यात विद्युतभारित पेप्टाइड एका चातीसारख्या विद्युतअग्राभोवती फिरतात, आणि त्यांच्या आंदोलनाच्या गतीवरून वस्तुमान व विद्युतभार यांचे गुणोत्तर निघते.

नुसत्या वजनाने पेप्टाइड ओळखता येत नाही. एकाच वजनाचे कितीतरी निघतात. म्हणून यंत्र एकेक पेप्टाइड निवडून त्याला वायूच्या रेणूंवर आपटते. पेप्टाइड सांध्यांवर मोडते. तुकड्यांची वजने ओळीने लावली की शेजारच्या दोन तुकड्यांतला फरक म्हणजे एक अमिनो आम्ल: ५७ चा फरक ग्लायसिनचा, ७१ चा अॅलानिनचा, ९९ चा व्हॅलिनचा. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वजन मात्र तंतोतंत सारखे, ११३. नेहमीच्या पद्धतीने यंत्राला ती दोन वेगळी करता येत नाहीत. हे बारीक वाटते, पण यादीतल्या प्रत्येक नावामागे अशी एखादी न सुटलेली गाठ असू शकते हे लक्षात राहावे म्हणून सांगितले.

प्रत्यक्षात तुकड्यांची अक्षरे हाताने कोणी लावत बसत नाही. दोन तासांत यंत्र हजारो वर्णपट टिपते. १९९४ मध्ये जॉन येट्स यांच्या गटाने सिक्वेस्ट नावाची आज्ञावली लिहिली आणि कामाची दिशाच उलटली. संगणकाला आधी जनुकांच्या यादीवरून काढलेली सगळी संभाव्य प्रथिने दिली जातात. तो त्यांना कागदावरच ट्रिप्सिनने कापतो, प्रत्येक पेप्टाइडचा वर्णपट कसा दिसला पाहिजे याचा अंदाज करतो आणि यंत्राने टिपलेल्या वर्णपटाशी जुळवून पाहतो. जो सगळ्यात जुळेल तो उत्तर. चुका किती झाल्या हे कळावे म्हणून खऱ्या प्रथिनांच्या बरोबरीने उलट्या क्रमाची खोटी प्रथिनेही यादीत घालून ठेवतात; खोट्यांना जितकी मते पडतात त्यावरून खऱ्यांतल्या चुकांचे प्रमाण काढतात आणि ते साधारण शंभरात एकाच्या आत ठेवतात. मला या सगळ्या विद्येतली ही सर्वांत प्रामाणिक युक्ती वाटते.

याद्यांचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. प्रथिनांच्या पूर्ण संचाला ‘प्रोटिओम’ हे नाव मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये दिले. तोवर प्रथिने सपाट जेलवर दोन दिशांनी पसरवून ठिपके मोजण्याची पद्धत होती. ती १९७५ ची. २००१ मध्ये येट्स यांच्याच गटाने जेल बाजूला ठेवून यीस्टची १,४८४ प्रथिने ओळखली. २००८ मध्ये जर्मनीतल्या गटाने यीस्टची ४,३९९ प्रथिने दाखवली, म्हणजे त्या परिस्थितीत जवळपास सगळीच. २०१४ पर्यंत त्यातली चार हजारांच्या आसपास ओळखायला तासभर पुरू लागला. त्याच वर्षी माणसाच्या प्रथिनांचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात १७,२९४ जनुकांची प्रथिने होती आणि बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स ही संस्था त्या कामाच्या केंद्रस्थानी होती. अरॅबिडॉप्सिसच्या २०२० मधल्या नकाशात तीस प्रकारच्या ऊतींतून अठरा हजारांहून अधिक प्रथिने आली. धानाची पहिली मोठी यादी २००२ ची: पान, मूळ आणि बी मिळून २,५२८ प्रथिने.

२,५२८ हा आकडा ३७ हजारांपुढे तोकडा दिसतो. आकडे पुढे वाढले, पण तोकडेपणाचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पानाचा नमुना घेतला तर त्यातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मे एकटे रुबिस्को असते, हवेतला कर्बवायू पकडणारे. यंत्र दर सेकंदाला त्याला सर्वांत ठळक दिसणारे पेप्टाइड निवडते, आणि ठळक ते बहुधा रुबिस्कोचेच. ज्या प्रथिनांच्या एका पेशीत मोजक्याच प्रती असतात, जनुके चालू-बंद करणारी किंवा रोगाची चाहूल घेणारी, त्यांची पाळी येतच नाही.

दाण्यात दुसरी तऱ्हा. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिने सुमारे सात टक्के. ऑस्बोर्न या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ती कशात विरघळतात यावरून त्यांचे चार गट पाडले: पाण्यात अल्ब्युमिन, मिठाच्या पाण्यात ग्लोब्युलिन, अल्कोहोलमध्ये प्रोलामिन आणि आम्ल-अल्कलीत ग्लुटेलिन. तांदळात ग्लुटेलिनचा वाटा सगळ्यात मोठा, साठ ते ऐंशी टक्के. त्याची जनुके डझनाहून अधिक आणि एकमेकांसारखी, इतकी की कित्येक पेप्टाइड चार-चार प्रथिनांत सामाईक असतात. यंत्राला पेप्टाइड सापडले म्हणजे ते नेमके कोणाचे हे ठरले असे नाही. प्रोलामिनची गंमत वेगळीच. त्यात लायसिन फारच कमी, म्हणून ट्रिप्सिनला कापायला जागा सापडत नाही. तुकडे लांबलचक राहतात आणि यंत्राच्या सोयीच्या पट्ट्यात बसत नाहीत. पोटात गेलेल्या भातातले भरपूर असलेले प्रथिन यादीत मात्र लहान दिसते. त्यासाठी वेगळ्या ठिकाणी कापणारे दुसरे विकर वापरावे लागते. यादीतली क्रमवारी आणि दाण्यातली क्रमवारी एकच आहे असे धरू नये.

आता मुख्य मुद्दा. संगणक वर्णपट जुळवतो तो त्याला दिलेल्या यादीशी. यादीत नसलेले प्रथिन समोर कितीही ठळक असले तरी त्याला ते दिसत नाही. शेजारच्या गावच्या शाळेचा हजेरीपट घेऊन गुरुजी आपल्या वर्गावर आले तर जी नावे दोन्हीकडे असतील तेवढीच मुले हजर लागतील. पहिल्या बाकावर बसलेल्या पण पटावर नसलेल्या मुलीची नोंद होणार नाही, आणि संध्याकाळी कागदावर ती शाळेत आलीच नव्हती असे ठरेल. धानाच्या प्रथिनांच्या बहुतेक याद्यांत पट निप्पोनबारेचा असतो. नमुना कोणत्याही देशातल्या बांधीचा असो.

यात नुकसान काय होते ते दोन उदाहरणांनी दिसते. ओडिशात ‘धालपुतिया’ नावाचे जुने धान होते. त्यातून निवडलेले एफआर १३ ए हे वाण दोन आठवडे पुराच्या पाण्याखाली बुडून राहिले तरी पाणी ओसरल्यावर पुन्हा उभे राहते. हा गुण ज्या जनुकामुळे येतो ते सब-१ ए २००६ मध्ये सापडले. ते निप्पोनबारेत नाहीच. त्याच्या शेजारची दोन भावंडे आहेत, हे नाही. एफआर १३ ए चे पान यंत्रात घालून निप्पोनबारेच्या पटाशी ताडले तर झाडाचा जीव वाचवणारे प्रथिन यादीत येणार नाही. तेच पूर्वेकडच्या ‘कासलथ’ या जुन्या भारतीय वाणातल्या पीस्टॉल-१ चे. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळे वाढवणारे हे प्रथिन २०१२ मध्ये कळले, आणि निप्पोनबारेच्या नकाशात त्याची जागाच रिकामी आहे. दोन्ही वेळा आधी शेतातला गुण दिसला, मग वंशावळीतून जनुक शोधले गेले. प्रथिनांच्या यादीने ते कधीच दाखवले नसते. सब-१ ए पुढे आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या स्वर्णा वाणात आणले गेले आणि स्वर्णा-सब-१ हे वाण २००९ मध्ये प्रसारित झाले.

ही दोन उदाहरणे अपवाद असती तर मी एवढा आग्रह धरला नसता. २०१८ मध्ये जगभरच्या ३,०१० धानांचे जीनोम एकत्र पाहिले गेले, तेव्हा निप्पोनबारेच्या पटावर नसलेली दहा हजारांहून अधिक पूर्ण जनुके निघाली. रोगाची चाहूल घेणाऱ्या प्रथिनांच्या कुळात हा असण्या-नसण्याचा फरक विशेष मोठा असतो. पूर्व विदर्भात धानाचा खरा शत्रू गादमाशी, तुडतुडा, करपा. त्यांच्याविरुद्ध एका वाणात टिकणारे आणि दुसऱ्यात न टिकणारे जे काही असेल ते बहुधा याच कुळात असणार, आणि तिथेच परकी यादी सर्वांत आंधळी.

प्रथिन आहे पण एका अक्षराने वेगळे आहे, ही अडचण आणखी फसवी. समजा निप्पोनबारेच्या पेप्टाइडच्या सुरुवातीला अॅलानिन आहे आणि आपल्या धानात त्या जागी व्हॅलिन. वजनात २८.०३१ चा फरक पडतो. संगणकाच्या पटावर व्हॅलिनवाले पेप्टाइड नाही, म्हणून सरळ जुळणी होत नाही. पण संशोधकाने रासायनिक बदल शोधायची मुभा दिलेली असेल तर? दोन मिथिल गट लागल्याने वाढणारे वजनही नेमके २८.०३१. संगणक मग निर्धास्तपणे लिहितो: अॅलानिन, त्यावर डायमिथिल. वाणाचा वंशपरंपरागत फरक झाडाच्या रासायनिक घडामोडीत जमा होतो. चूक सापडायला कोणाला तरी पुन्हा जीनोमकडे जावे लागते.

कधीकधी फरक प्रथिनाच्या अक्षराचाही नसतो, मापाचा असतो. वॅक्सी नावाच्या जनुकातून तयार होणारे प्रथिन दाण्यात अमायलोज नावाचे सरळ साखळीचे पिष्ट तयार करते. अमायलोज जास्त तेव्हा भात मोकळा. कमी तेव्हा चिकट. जॅपोनिका शाखेत या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे त्याचा संदेश नीट जुळत नाही आणि प्रथिन इंडिकाच्या मानाने दहाव्या हिश्श्याइतकेच तयार होते. जपानी माणूस काड्यांनी भात खाऊ शकतो आणि आपण वरण कालवायला मोकळा भात मागतो, या दोन सवयींच्या मुळाशी एकच प्रथिन, वेगळ्या मापात. ‘आहे की नाही’ एवढेच सांगणाऱ्या यादीत दोन्ही दाणे सारखे दिसतील. म्हणून पुढच्या प्रकरणांत मोजमापाला जी जास्त पाने दिली आहेत ती कंटाळवाणी वाटली तरी सोडू नयेत.

वासाची गोष्ट तर उलटी. बासमती, थायलंडचे जास्मिन अशा वाणांत बाड-२ या प्रथिनाच्या जनुकातली आठ अक्षरे गळालेली असतात. प्रथिन अर्धवट राहते, काम करत नाही, आणि त्यामुळे जे रसायन पुढे वापरले गेले असते त्यातून सुगंधी संयुग तयार होते. २००५ मध्ये हे उलगडले. सुगंध म्हणजे एका प्रथिनाची गैरहजेरी. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आंबेमोहोराच्या वासावर काम झाले आहे. भंडारा-गोंदियाच्या बाजूला चिन्नोर आहे, आणि त्याचा वास कशामुळे हे विचारणारा विद्यार्थी त्याच भागातला असायला काय हरकत आहे? त्याला यादीतल्या नावांइतक्याच रिकाम्या जागा वाचाव्या लागतील. आणि प्रथिन खरोखर नाही, की यंत्राला दिसले नाही, की पटावरच नव्हते, हे तीन वेगवेगळे प्रश्न आधी सोडवावे लागतील.

आपल्या भागातली धानाची निवड आजवर डोळ्यांनी झाली. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी राखून ठेवल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले. त्यातून बारीक दाण्याचे जे धान तयार झाले त्याला व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. दादाजींचे शिक्षण जेमतेम आणि जमीनही जेमतेम. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे धान कित्येक राज्यांत पोचलेले होते. सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातून पुढे पीकेव्ही-एचएमटी आले. साकोलीच्या केंद्रातूनही वाणे आली. ‘पटेल ३’ आणि एचएमटी यांचे भरते दाणे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या प्रथिनांची तुलना करणे हा माझ्या मते या विषयातला फार सुंदर प्रयोग होईल. आईबाप जवळजवळ तेच, जमीन तीच, हवामान तेच. जे बदलले ते एका माणसाच्या नजरेने टिपलेले. पण तो निप्पोनबारेच्या पटावर करू नये. आधी दोन्ही धानांचे जीनोम वाचावेत, त्यांच्यावरून त्यांची स्वतःची प्रथिनयादी करावी, आणि मग वर्णपट जुळवावेत. जीनोम वाचणे आता पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. ही पायरी गाळायला आता सबब उरलेली नाही.

महाराष्ट्रात यंत्रे आहेत. मुंबईच्या आयआयटीत मास स्पेक्ट्रोमेट्रीची मोठी सुविधा आहे; तिथले काम अधिक करून मलेरिया, मेंदूतील गाठी अशा रोगांवरचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही प्रथिनांचे काम चालते. धानावर पाण्याच्या ताणाचा परिणाम दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत तपासला गेला आहे. देवरीच्या बाजूची अडचण यंत्राची नसून वाटेची आहे. रोवणीच्या चिखलात उभे राहून तोडलेले पान तिथेच गोठवायचे, आणि गोठलेलेच महामार्गाने नागपूरला, तिथून पुढे मुंबई-पुण्याला न्यायचे. वाटेत ते वितळले की प्रथिने तुटू लागतात आणि यादीत झाडाऐवजी प्रवास मोजला जातो. दाण्याला ही भीती कमी. सुकलेल्या दाण्यातली साठवणीची प्रथिने टिकाऊ असतात. बियाणे म्हणून वर्षभर कणगीत ठेवलेल्या धानाचाही नमुना चालतो.

आणि नमुना गोळा करण्याआधीही एक काम आहे, ज्याला यंत्र लागत नाही. शोधनिबंधाबरोबर यंत्राने टिपलेले मूळ वर्णपट सार्वजनिक भांडारात ठेवण्याची पद्धत या क्षेत्रात रुळली आहे. ‘प्राइड’ हे इंग्लंडमधल्या युरोपीय जैवमाहिती संस्थेचे भांडार त्यांतले मोठे. धानाचे कितीतरी वर्णपट तिथे कोणालाही उतरवून घेता येतात. मॅक्स प्लांक संस्थेत तयार झालेली मॅक्सक्वांट ही आज्ञावली २००८ पासून फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. ‘शुहुई ४९८’ या इंडिका वाणाचा तपशीलवार जीनोम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रथिनांची यादीही खुली आहे. तेव्हा इंडिका धानाचे जुने वर्णपट घ्यावेत, एकदा निप्पोनबारेच्या यादीशी आणि एकदा या इंडिका यादीशी जुळवावेत, आणि दुसऱ्या वेळी जी नवी नावे उगवतात ती वेगळी काढावीत. पहिल्यांदा करणाऱ्याने पानाचा नमुना घेऊ नये, दाण्याचा घ्यावा. दाण्यात ग्लुटेलिन इतके असते की ते दिसले नाही तर जुळणी कुठेतरी चुकली आहे हे पहिल्याच फेरीत कळते.